देवदूताला गहू नाही

यूदिता हाव्रान ही बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पाद्रीबाबा लाझार यांच्यापुढे हे कबूल करून झालंय, एकदा नाही, चार वेळा. चौथ्यांदा ते कंटाळून म्हणाले, "स्मिल्या, तू रोज वही लिहितेस ना? कुठला संत, कुठला उपास, कोंबड्यांनी किती अंडी दिली, सगळं? मग त्यात रोज एक चांगली ओळ शेजारणीविषयी लिही. हेच तुझं प्रायश्चित्त."

मी लिहिल्या. "आज तिच्या कोंबड्या आमच्या बागेत आल्या नाहीत." "आज ती दिवसभर परगावी होती." याहून चांगलं काही सुचेना. तेव्हा म्हटलं, सुट्या ओळी नकोत, सगळी बाईच एकदा लिहून काढावी. चांगली की वाईट, ते देव बघेल.

हाव्रान म्हणजे त्यांच्या स्लोवाक भाषेत डोमकावळा. नाव नवऱ्याकडून आलं, पण शोभतं तिलाच. बारीक डोळे, काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला, आणि कंबरेपासून खाली पाच-सहा परकर एकावर एक, चालताना सळसळणारे. ती येतेय हे दिसायच्या आधी ऐकू येतं. आमची सर्बियन भाषा ती पन्नास वर्षं बोलतेय, पण अजूनही प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर दणका घालूनच.

तिचा जन्म आमच्या बेलोबारा गावातलाच, स्लोवाक गल्लीतल्या शेवटच्या घरातला, जिथून पुढे नुसती दलदल होती. बाप कालवे खणायचा. अठराव्या वर्षी लग्न झालं. नवरा पावेल ऑस्ट्रियाला विटा रचायला गेला, दोन वर्षं पत्रं पाठवली, मग तीही बंद. कोणी म्हणे त्यानं तिकडे दुसरी केली, कोणी म्हणे परांचीवरून पडला. यूदितानं चौकशी केली नाही. "यायचं असतं तर रस्ता माहीत होता त्याला," एवढंच म्हणायची. मग ती लोकांच्या हंसांची पिसं उपटू लागली, पिसांच्या रजया भरू लागली, आणि लग्नाकार्याला स्वयंपाकाला जाऊ लागली: सर्बांकडे, रोमानियनांकडे, हंगेरियनांकडे, सगळीकडे. चार भाषांत भांडते. प्रार्थना एकाच भाषेत करते, आणि तीही कोणाला ऐकू येणार नाही अशी, जणू कोणी चोरून नेईल.

गावाच्या वेशीवर पाटी आहे, गावाचं नाव चार भाषांत, चार ओळींत. एका वर्षी टारगटांनी चारही ओळींवर डांबर फासलं. यूदिता रॉकेलचा डबा आणि चिंधी घेऊन गेली आणि आपली ओळ लख्ख पुसून आली. बाकीच्या तीन तशाच. माझ्या नवऱ्यानं, रादिवोयनं, तिला रस्त्यात गाठलं.

"आमची ओळ काय चावत होती तुला?"

"तुमच्या घरी रॉकेल नाही का?" ती म्हणाली आणि सळसळत निघून गेली.

शनिवारी आमच्याकडे जो तो आपल्या दारापुढचा रस्ता झाडतो. तीही झाडते. पण हद्दीच्या बरोबर रेघेपर्यंत. रेघेवर धुळीची, पानांची ओळ लावून ठेवते, अशी सरळ की दोरी धरून लावावी. ती ओळ उचलायची कोणी, यावर आमचं वीस वेळा भांडण झालं. वाऱ्याचा दिवस असला की प्रश्नच मिटतो. कोशावा वारा आग्नेयेकडून येतो, आणि तिचं घर आमच्या आग्नेयेला. सगळं आमच्या दारात.

म्हणजे आता तिचं म्हणायचं ते घर. आधी ते उरोशकाकांचं होतं.

उरोश पेयिन हे रादिवोयचे चुलते. बायको गेलेली, मूलबाळ नाही, एका कानानं ठार बहिरे आणि दुसऱ्यानं सोयीपुरते. पाय सुजायला लागले तेव्हा त्यांनी आधी मलाच विचारलं, हे खरं आहे आणि खरं तेच लिहायचं. "सूनबाई, मला सांभाळ, घर तुम्हालाच." मी दोन महिने दोन वेळचं ताट भिंतीवरून दिलं. काका सूप खारट म्हणायचे, मग अळणी म्हणायचे. एक दिवस रादिवोय म्हणाला, "ताट बंद कर. घर असंही आपलंच आहे, रक्ताचं दुसरं आहे कोण? उगाच शंभरीपर्यंत जगवतेस त्याला."

मी ताट बंद केलं. आठवड्यानं भिंतीपलीकडून परकरांची सळसळ ऐकू आली.

आमच्याकडे अशी पद्धत आहे: ज्याला कोणी नाही तो म्हातारा एखाद्याशी कोर्टात करार करतो. मरेपर्यंत मला सांभाळ, खाऊ घाल, हातपाय धू, मेल्यावर नीट पूर. मग घर तुझं. काकांनी यूदिताशी तो करार करायचं ठरवलं. रादिवोयनं आकाशपाताळ एक केलं. "सर्बाचं घर, दीडशे वर्षांचं, स्लोवाक कावळिणीच्या घशात!" पण काकांना घराची काळजी नव्हती. त्यांना काळजी होती ती फक्त स्लावाची.

प्रत्येक सर्ब घराला आपला एक संत असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती लागते, पाद्री येऊन पाव कापतात, लोक न बोलावता येतात. पेयिनांचा स्लावा म्हणजे मिहाइलो देवदूत, एकवीस नोव्हेंबर. ज्या घरात ती मेणबत्ती लागायची थांबली ते घर विझलं, असं आम्ही मानतो. काकांना तेवढीच भीती होती.

तेव्हा रादिवोयनं डोकं चालवलं. "ठीक आहे काका," तो त्यांच्या बऱ्या कानात ओरडला, "पण करारात लिहा की तुमच्यामागे तिनं दर वर्षी ह्या घरात स्लावा करायचा, रीतसर. एक वर्ष जरी चुकला, तरी घर रक्ताच्या माणसाकडे परत." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, पुतण्याला कुळाची काळजी आहे.

पंचेवोच्या कोर्टात आम्हीही गेलो. काकांनीच नेलं, म्हातारा भ्रमिष्ट होता असं पुढे कोणी म्हणू नये म्हणून. कारकून तरुण होता, टकटक टाइप करत होता. "स्लावा रीतसर म्हणजे काय काय, सांगा." कोणी बोलायच्या आधीच तो स्वतःच सांगत गेला, आपल्या घरचं आठवून: "मेणबत्ती, लाल वाइन, पाव, शिजवलेला गहू. 'सणाच्या दिवशी त्या घरात तयार करावा.' बरोबर?"

बरोबर नव्हतं. गहू मेलेल्यांसाठी असतो. संत सगळे मेलेली माणसं, म्हणून त्यांच्या सणाला गहू शिजवतात, साखर-अक्रोड घालून. पण देवदूत कधी मेलाच नाही. त्याच्यापुढे गहू ठेवणं म्हणजे जिवंत माणसासाठी खड्डा खणणं. पेयिनांच्या घरात कधी, कोणीही, मिहाइलोच्या दिवशी गहू शिजवला नाही. हे मला माहीत होतं, मी तीस वर्षं हा सण करत आलेय. रादिवोयला माहीत होतं. काकांना माहीत होतं, पण कारकून त्यांच्या बहिऱ्या बाजूला बसला होता.

मी तोंड उघडलं. रादिवोयनं माझं कोपर दाबलं. मी तोंड मिटलं.

यूदितानं कागद वाचला, बोट फिरवत, सावकाश. मग सही केली.

बाहेर आल्यावर रादिवोय बसस्टॉपवर स्वतःशीच हसत होता. "आता बघ. गहू शिजवला तर देवदूताचा अपमान, पाद्रीबाबा पावाला सुरी लावणार नाहीत, लोक ताटावरून उठतील. त्याला स्लावा कोण म्हणेल? नाही शिजवला तर कागद मोडला. इकडे आड, तिकडे विहीर. कावळीण कुठे बसते बघू."

त्या दिवशी मी वहीत लिहिलं: "गुरुवार. पंचेवोला जाऊन आलो. वारा." बाकी काही लिहिलं नाही.

सहा वर्षं तिनं काकांना सांभाळलं. मायेनं म्हणणार नाही मी. भिंतीपलीकडून जे ऐकू यायचं ते मायेसारखं नव्हतं.

"ह्या घरात देवदूत माझ्याआधीपासून राहतो," काका ओरडायचे, "तू काल आलीस!"

"मग त्यालाच सांगा पाय धुवायला. पंखही आहेत त्याला, झाडूनही घेईल."

"पाणी गरम आहे!"

"पाय थंड आहेत."

"ही स्लोवाक बाई मला उकडून मारणार!"

"उकडायला तेवढं मांस कुठे आहे तुमच्या अंगावर?"

रोज हेच. पण पाय रोज धुतले जायचे, हे मला लिहावं लागतं, कारण पाणी ती आमच्या भिंतीच्या बुडाशी ओतायची आणि तिथे ओल यायची. भिंतीला पोपडे आले. मी सांगितलं तर म्हणाली, "काकांच्या पायांचं पाणी आहे, शेजारीणबाई. तुमच्याच रक्ताचं."

आमचा नाताळाचा उपास चालू असताना तिचा नाताळ तेरा दिवस आधी उरकलेला असायचा. आम्ही पाण्यातला घेवडा खात बसायचो आणि भिंतीवरून धुरातल्या सॉसेजचा वास. काकांनाही चारत असणार, अशी माझी खात्री होती. बुधवार-शुक्रवार आमचा उपास, म्हणून एकदा मी बुधवारी मुद्दाम डोकावले. काकांच्या ताटात तेलातला बटाटा होता, आणि ती समोर बसून सॉसेज खात होती. काका म्हणाले, "बघितलंस सूनबाई? छळ करते माझा." त्यांचा चेहरा मात्र छळ होत असल्यासारखा नव्हता.

मे महिन्याच्या एकवीस तारखेला काका गेले. कोशावा तिसऱ्या दिवशीही थांबत नव्हता, मेणबत्त्या कबरीवर टिकेनात. वहीत आहे: "२१ मे, संत योहान. उरोशकाका गेले, देव त्यांना क्षमा करो. सूप तिनं केलं, सगळ्या गावाला पुरलं." हीसुद्धा एक चांगली ओळच होती, पाद्रीबाबांच्या हिशेबात धरावी.

त्यानंतर आमच्या घरात एकच तारीख होती. एकवीस नोव्हेंबर. रादिवोयनं तिच्यावर कॅलेंडरमध्ये लाल गोल केला. दारूच्या दुकानात तो लोकांना सांगायचा, "त्या दिवशी या. तमाशा फुकट आहे." रोमानियन गल्लीतले लोकसुद्धा विचारायचे, काय रे, घर कधी परत येतंय? मी त्याला काही बोलले नाही. मलाही ते घर हवं होतं. आमच्या दोन खोल्यांत मुलगा-सून उन्हाळ्याला आले की मी स्वयंपाकघरात झोपते. आणि घर पेयिनांचं होतं. मी ते हवंहवंसं वाटणं कबुलीत पाप म्हणून सांगितलं, पण वाटायचं थांबलं नाही.

त्या वर्षी एकवीस तारीख शुक्रवारी आली. म्हणजे स्लावा उपासाचा: मांस नाही, अंडं नाही, लोणी नाही, चरबीचा थेंब नाही; मासा आणि तेल तेवढं चालतं. रादिवोय खूश. "डुकराच्या चरबीशिवाय त्या बाईला चूल पेटवता येत नाही!"

आदल्या दिवशी दुपारी मी अंगणात कोबी चिरत होते. सळसळ झाली. यूदिता आमच्या फाटकात उभी. ती आमच्या अंगणात यायची नाही, मी तिच्या अंगणात जायची नाही. त्यामुळे मी सुरी खाली ठेवली.

"देव तुमचं भलं करो, शेजारीणबाई," ती म्हणाली.

"तुझंही. काय काम?"

"उद्याचं. एक विचारायचं होतं. तुम्ही इतकी वर्षं हा सण करताय." ती फाटकाला धरून उभी होती, आत आली नाही. "गव्हाचं काय करू?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे. मनात आलं, सांगावं. एवढंच तर वाक्य आहे: देवदूताला गहू नाही. संत म्हणतात ना, अडलेल्याला वाट दाखवावी. मग मला ते घर दिसलं, त्याच्या पाच खिडक्या रस्त्यावर.

"कागदात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"गहू लिहिलाय."

"मग कागदात आहे तसं कर. मला कशाला विचारतेस? आम्ही काय कोर्ट आहोत?"

"बरं," ती म्हणाली. थोडा वेळ तिथेच उभी राहिली, आणखी काही येतं का बघत असल्यासारखी. मग गेली.

रादिवोयला सांगितलं तर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! अडकली!" संध्याकाळची प्रार्थना मी त्या दिवशी घाईत उरकली.

शुक्रवारी सकाळी चर्चची घंटा नेहमीच्या वेळेआधी थोडी वाजली, स्मशानाच्या बाजूनं. मी लक्ष दिलं नाही. मी केस विंचरत होते. स्लावाला बोलावणं नसतं, जायचं तर आपणहून, आणि आज मला जायचंच होतं. चांगला ड्रेस काढला, जपमाळ मनगटाला बांधली.

आमच्या घरचा स्लावा संध्याकाळी ठेवला होता. दुपारी बाराला तिच्याकडे गेलो तेव्हा घर भरलेलं होतं. निम्मे लोक जेवायला आले होते, निम्मे बघायला. देवदूताची तसबीर पूर्वेच्या भिंतीवर, तिच्याखाली काकांच्या आईनं विणलेला टॉवेल, धुऊन इस्त्री केलेला. मेणबत्ती उंच, मधमाश्यांच्या मेणाची, खरी. पाव असा फुगलेला की वरचा पिठाचा क्रूस तडकला नव्हता. माझा दर वर्षी तडकतो.

टेबलावर गहू नव्हता.

रादिवोयनं मला कोपरानं ढोसलं. त्याच्या खिशात कराराची प्रत होती, मला तिचा कोपरा दिसत होता.

मी आधी बाकीचं बघितलं. माशाचं सूप, लाल, वर तेलाचे डोळे. भाजलेला घेवडा. अक्रोडाची गुंडाळी. मी एक तुकडा उचलून नाकाजवळ नेला. चरबीचा वास येतो का बघितलं. यूदिता समोरून बघत होती.

"सूर्यफुलाचं आहे," ती म्हणाली. "बाटली दाखवू का, की वास पुरे?"

बायका हसल्या. मी तो तुकडा तोंडात टाकला.

पाद्रीबाबा लाझार आले, तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, पाव हातात घेऊन फिरवला. त्यांच्याबरोबर पाव घरच्या माणसांनी धरायचा असतो. यूदितानं धरला. लुथरच्या पंथाची बाई, आमचा पाव, आमच्या देवदूतापुढे! तिला आमचं स्तोत्र येत नव्हतं, ती ओठ घट्ट मिटून फिरत राहिली, परकर सळसळत होते. बाबांनी पावावर वाइन ओतली आणि तो चिरला. शेवटचा शब्द संपतोय न संपतोय तोच रादिवोयनं कागद काढला.

"बाबा, माफ करा. पण इथे लिहिलंय, वाचतो. 'मेणबत्ती, लाल वाइन, पाव, शिजवलेला गहू, सणाच्या दिवशी त्या घरात तयार करावा.' गहू कुठे आहे?"

खोलीत चमचे थांबले.

कोणीतरी मागून म्हणालं, "अरे रादिवोय, देवदूताला कधी गहू असतो का?"

"मी नाही म्हणत असतो! कागद म्हणतो! सही तिची आहे!"

यूदितानं हात अॅप्रनला पुसले. "गहू शिजवला," ती म्हणाली. "आज सकाळी, ह्याच चुलीवर. कागदात म्हटलंय त्याच दिवशी, त्याच घरात."

"मग दाखव!"

"संपला. कबरीवर नेला होता." तिनं आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर दणका होताच. "कागदात गहू शिजवायला सांगितलाय. कोणासाठी ते लिहिलेलं नाही. देवदूत जिवंत आहे, त्याला पाव दिला. उरोश मेला आहे, त्याला गहू दिला. आज त्याला सहा महिने झाले. बाबांना विचार."

पाद्रीबाबा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "सकाळी आठ वाजता कबरीवर प्रार्थना झाली. रीतसर. मी स्वतः दोन चमचे खाल्ला. अक्रोड भरपूर होते." मग ते थांबले आणि रादिवोयकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "घरची माणसं मात्र तिथे दिसली नाहीत."

एकवीस मे. एकवीस नोव्हेंबर. दोन्ही माझ्याच हातानं लिहिलेल्या, एकाच वहीत, आणि मी त्या दोन पानांना कधी शेजारी ठेवून बघितलं नाही. सहा महिने झाले की कबरीवर गहू न्यायचा, प्रार्थना करायची, हे चुकवणारी बाई मी नव्हे. गावात कोणाचंही असो, मी असते. चर्चच्या घंटेचाही मला अर्थ लागला नव्हता. मी केस विंचरत होते.

रादिवोय ओरडत राहिला. "ही लबाडी आहे! स्लावाच्या टेबलावर नव्हता! बघू कोर्टात!" लोकांनी त्याला तुतीच्या दारूचा पेला दिला, आणि तो प्यायला तेव्हाच सगळ्यांना कळलं की तमाशा संपला. ज्यांना तो फुकट तमाशाला बोलावून आणत होता तेच आता त्याला चिडवत होते. "काय रे, कावळीण बसली की फांदी तुटली?"

मी निघाले. दारात यूदिता आडवी आली. तिच्या हातात कपभर गहू होता, वर साखर पेरलेली, मध्ये चमचा उभा.

"एवढा ठेवला होता तुझ्यासाठी," ती म्हणाली. अहोजाहो गेलं होतं. "सकाळी आली नाहीस."

असा गहू नाकारता येत नाही. मेलेल्याच्या नावाचा असतो. नाकारला तर मेलेल्याला नाकारलं. मी उभ्या उभ्या चमचा घेतला, क्रूसाची खूण केली, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणावं लागलं, "देव त्याला क्षमा करो." गहू मऊ होता, एकेक दाणा सुटा. माझा चिकट होतो.

"तुला माहीत होतं," मी हळूच म्हणाले. "काल विचारायला आलीस तेव्हा."

"तीस वर्षं तुमच्या घरांत स्वयंपाक केलाय मी. माहीत नसेल का?"

"मग विचारलंस कशाला?"

"तू सांगतेस का, बघायचं होतं." तिनं चमचा माझ्या हातातून घेतला. "कोर्टातच बघितलं होतं, त्यानं तुझं कोपर दाबलं ते. पण म्हटलं, तेव्हा त्यानं दाबलं होतं. काल तर दाबायला कोणी नव्हतं."

शनिवारी रादिवोय वकिलाकडे जायला निघाला. बूट घालता घालता म्हणाला, "तू साक्षीदार. एवढंच सांगायचं, टेबलावर गहू नव्हता. खोटं काहीच नाही."

"मी येणार नाही."

"का?"

"वकील पुढे विचारेल, कारकून लिहीत होता तेव्हा तुम्हाला माहीत होतं का. मला शपथेवर सांगावं लागेल."

"मग सांग, नव्हतं!"

"ज्या तीन बोटांनी काल तिच्या दारात क्रूस केला, त्याच बोटांनी?"

"तिची बाजू घेतेस?" त्याचा चेहरा लाल झाला. "त्या बाईची?"

"तिचं तोंडही बघायला आवडत नाही मला," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "पण माझ्याशिवाय तुला साक्षीदार नाही, आणि मी येणार नाही."

त्यानं बूट भिंतीवर फेकला, जिथे काकांच्या पायांच्या पाण्यानं पोपडे आले होते तिथेच. वकिलाकडे तो गेला नाही. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मलाही त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

मी झाडू घेऊन रस्त्यावर गेले, शनिवार होता म्हणून. तीही झाडत होती, तिच्या पाच खिडक्यांपुढे. हद्दीच्या रेघेपर्यंत आली, धुळीची ओळ लावली, सरळ, दोरीसारखी. कोशावा सुटला होता.

"यूदिता," मी म्हणाले, "ती ओळ उचल. उडून सगळी माझ्या दारात येणार."

"वारा काही मी सोडला नाही, शेजारीणबाई," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावलं.

ती ओळ मीच भरली. त्या दिवसाच्या पानावर शेजारणीची ओळ आहे: "गहू चांगला शिजवते." प्रायश्चित्त म्हणून पाद्रीबाबांना ती वाचून दाखवली. "आणि?" त्यांनी विचारलं. मग कोपराचं सांगावं लागलं.